दोनाताचा जबाब

"हे आणखी कुणाला दाखवलंत?" मी विचारलं.

"कुणी मागितलंच नाही," दोनाता म्हणाली. "पण जपून ठेवलंय. एकतीस वर्षं."

माझ्या टेबलावर चर्चमधून फुकट मिळणारं एक जुनं कॅलेंडर पडलं होतं. आमच्या डोंगरातल्या बायका सगळं त्याच्यावरच लिहितात: कोंबडी कधी बसवली, टोमॅटो कधी बाटल्यांत भरले, कुणाच्या पुण्यतिथीची प्रार्थना कधी. एप्रिलच्या पानावर सहा तारखेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वितोला पोलिओचे थेंब दिले.' आणि सतरा तारखेला, 'पाय हलत नाहीत. थेंबांमुळेच.' खाली दोन रेघा.

कामगार युनियनच्या मदत-कचेरीत मी सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज भरतोय. लसीमुळे कुणी अपंग झालं तर सरकार त्याला जन्मभर भरपाई देतं. पण नुकसान कशामुळे झालं हे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. आणि ही बाई स्वतःच्या अक्षरात, तारखेसकट, आपल्याला सतरा एप्रिललाच कळलं होतं असा पुरावा घेऊन आली होती. वर चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही बक्षीसच घ्यायला आलीय.

"दोनाताबाई, हे दाखवलंत तर एक पैसा मिळणार नाही," मी म्हणालो आणि कायदा समजावून सांगितला.

तिनं कॅलेंडर आपल्याकडे ओढलं. मग म्हणाली, "तेव्हा मी तीनदा शहरात गेले होते डॉक्टरकडे. म्हणाला, बाई, तू टोमॅटो तोडतेस, तुला औषधातलं काय कळतंय? आता तुम्ही म्हणता मला कळलं होतं, म्हणून मिळणार नाही. मग मला कळत होतं का नव्हतं? काय ते एक ठरवा."

"कायद्याच्या हिशेबानं तुम्हाला गेल्या वर्षी कळलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं त्या दिवशी."

नवी डॉक्टरीण भली होती. तिनं सगळ्या तपासण्या केल्या आणि सरळ लिहिलं, की लाखांत एखाद्याच्या बाबतीत असं होतं, तसं इथे झालं. दोनाताचा थेंबांवर राग नव्हता. "त्याच थेंबांनी बाकीची पोरं धावतायत," ती म्हणायची. "माझ्या वाट्याला हे आलं, एवढंच." तिला फक्त एक माणूस ठेवायचा होता. वितोची कंबरेखालची सगळी ताकद गेलेली, पाठीतलीही निम्मी. तो दिवसभर स्वयंपाकघरात चाकाच्या खुर्चीत बसून घड्याळं दुरुस्त करायचा आणि सकाळ-संध्याकाळ दोनाता त्याला उचलायची. आता तिचं हृदय बिघडलं होतं. ती गेली की वितो टेकडीपलीकडच्या आश्रमात जाणार, जिथे सकाळी ज्या कुशीवर निजवतात त्याच कुशीवर माणूस संध्याकाळपर्यंत असतो. मी पाहिलंय.

अर्जात एक प्रश्न होता: हे कळण्याआधी अपंगत्वाचं कारण काय समजत होता?

"'माहीत नव्हतं' लिहा," ती म्हणाली.

"तसे अर्ज परत येतात. काहीतरी लिहावं लागतं. आणि साक्षीदार लागतो."

तिला कळलं मी कशाबद्दल बोलतोय. सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोनाताची सासू आणि नणंद गेरार्दा पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, की हिनं पोराला पीठ मळायच्या टेबलावर ठेवलं, पाठ फिरवली आणि ते पडलं. आता थेंबांच्या नावानं बोंबलतेय. नवरा मरेपर्यंत हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. एकट्या वितोनं आईचं ऐकलं. लहानपणी आत्या काही बोलली की तो म्हणायचा, "आई, कॅलेंडर दाखव तिला."

"मी पाडलं असं लिहू?"

"पडल्यामुळे झालं असावं असं तुम्ही समजत होता, एवढंच. कागद फायलीत जातो. कोण वाचतंय?"

"वितोला कळता कामा नये."

"नाही कळणार. आणि हे कॅलेंडर आजच चुलीत घाला."

ते माझ्याकडे ठेवून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण मला सगळं चोख करायची सवय. तिनं सही केली आणि त्या रात्री मी पोटभर जेवलो, हेही सांगून टाकतो.

तपासणी शहरातल्या लष्करी इस्पितळात होती; भरपाईच्या सगळ्या तपासण्या तिथलेच डॉक्टर करतात. माझ्याच गाडीतून निघालो. वितो पुढे, मागे दोनाता आणि साक्षीदार म्हणून गेरार्दा, लग्नाला निघाल्यासारखी मोत्याच्या कुड्या घालून.

तीन अधिकारी बसले होते. त्यांनी वितोचे पाय वाकवले, टाचणी टोचून बघितली. मी सुटकेचा श्वास टाकत होतो, तेवढ्यात मधल्यानं चष्मा लावला आणि जबाब मोठ्यानं वाचायला घेतला. नियमच तसा होता म्हणे. मला ठाऊक नव्हता.

"'...मुलगा तीन महिन्यांचा असताना माझ्या निष्काळजीपणामुळे टेबलावरून पडला, त्यामुळे अपंगत्व आलं असं मी गेल्या वर्षापर्यंत समजत होते.' हे तुमचंच म्हणणं ना बाई?"

'निष्काळजीपणा' हा शब्द माझा होता. वजन यावं म्हणून घातला होता.

दोनातानं वितोकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "हो."

"मोठ्यानं बोला."

"हो साहेब."

"आणि तुम्ही साक्षीदार?"

"हो तर!" गेरार्दा म्हणाली. "आम्ही सगळे तेव्हापासून हेच सांगतोय. ही कबूलच करत नव्हती."

परतताना अर्धा घाट चढलो. मग वितोनं समोर रस्त्याकडे बघतच विचारलं, "आई, किती उंचावरून?"

"तू पडला नाहीस."

"आता कशाला वहिनी?" मागून गेरार्दा. "सरकारी कागदावर आलंय. मन हलकं झालं असेल की तुझं."

"ते कॅलेंडर आहे ना," वितो म्हणाला. "घरी गेल्यावर दाखव मला. तारखा बघायच्यात."

दोनाता खिडकीबाहेर बघायला लागली. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "जाळलं."

"का?"

मी जाळायला लावलं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण गेरार्दाच्या कानावर गेलं असतं तर उद्या गावभर झालं असतं, परवा शहरात, आणि अर्ज बुडाला असता. दोनातानंही तेच ओळखलं. आरशात मला तिचे मिटलेले ओठ दिसत होते. मी गिअर बदलला.

नोव्हेंबरात मंजुरी आली. पत्र मी स्वतः घेऊन गेलो. वितोला उचलायला एक दणकट माणूस ठेवला होता, तो अंगणात लाकडं रचत होता. दोनाता मला दारातच भेटली.

"सांगितलंत ना त्याला?" मी हळूच विचारलं. "मीच जाळायला लावलं म्हणून?"

"त्याच रात्री सांगितलं. सगळं."

"मग?"

"म्हणाला, बरं." तिनं एप्रनला हात पुसले. "मग मोजपट्टी घेऊन टेबलाची उंची मोजली त्यानं. ब्याऐंशी सेंटिमीटर. तेव्हापासून एक शब्द बोलला नाही त्याबद्दल. पीठ मळायला लागले की काम थांबवतो आणि बघतो."

आत गेलो. वितो खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्यानं मान हलवली, हसलासुद्धा. पोचपावतीवर सही हवी होती, म्हणून मी टेबल शोधलं.

चारही पाय करवतीनं कापलेले होते. फळी जमिनीपासून वीतभर उंचीवर होती आणि तिच्यावर निम्मं मळलेलं पीठ. "मीच कापून घेतले," दोनाता हळूच म्हणाली, "त्याला ती उंची दिसू नये म्हणून." दोनाता भिंतीचा आधार घेत गुडघ्यांवर बसली, पीठ बाजूला सरकवलं आणि सहीसाठी हात पुढे केला. मग कागद मला परत दिला आणि मळायला लागली.