ताई मगात काय पुटपुटायची

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात काचेमागे ठेवलेला तो चेपका, जुना पत्र्याचा मग म्हणजे मी. शेजारचं पुस्तक माझ्या घरातल्या धाकटीच्या आठवणींचं. त्यात माझं नाव बऱ्याचदा येतं, पण एक गोष्ट साफ चुकीची छापली आहे आणि ती माझ्या जिवाला लागून राहिली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. देखणा मी कधीच नव्हतो. तरी घरातल्या दोन बहिणी, ताई आणि धाकटी, माझ्यावरून हमरीतुमरीवर यायच्या, कारण माझ्यात दूध जास्त मावायचं. मग ज्यू कुटुंबांना घरांतून हाकलून देण्याचे दिवस आले. आईने घाईघाईत मला गाठोड्यात कोंबलं. छळछावणीच्या दारातच आईला वेगळ्या रांगेत नेलं. ती पुन्हा दिसली नाही.

ताई तिथेही रोज प्रार्थना करायची. एका संध्याकाळी धाकटीचा बांध फुटला. ती म्हणाली, "ज्याने आईला वाचवलं नाही, त्याच्याशी काय बोलतेस? पुन्हा त्याचं नाव काढलंस तर माझ्याशी बोलू नकोस."

ताईने मान डोलावली. त्यानंतर धाकटीला तिचे ओठ हलताना कधी दिसले नाहीत.

दोघींत मिळून एक मग पातळ सूप मिळायचं. ताई आधी मला तोंडाला लावायची आणि बराच वेळ तशीच बसायची. धाकटी भुकेने कुरकुरायची, आटप म्हणायची. मग आत डोकावून बघायची, तर सूप जवळजवळ तसंच. तिला वाटलं, ताईची अन्नावरची वासनाच उडाली. पण मित्रांनो, ताई माझ्याआड पुटपुटत असायची. "हिला घरी पोचव. आणि हिच्यावर रागावू नकोस, लहान आहे अजून."

हिवाळा सरता सरता ताई गेली. धाकटी वाचली.

म्हातारपणी तिने पुस्तक लिहिलं. आपल्या बोलण्याने ताईचा देव गेला आणि म्हणूनच ताई गेली, असं त्यात आहे. बाई वर्गात श्रद्धा, कुटुंब, जगण्याची धडपड यांवर लिहायला सांगतात, तेव्हा तुम्हीही तेच लिहिता. तुमचं काय चुकलं?

धाकटी एकदा शाळेत आली होती. मला हातात घेऊन बसली. एका मुलीने विचारलं, "ताईंनी तुम्हाला माफ केलं असेल ना?"

"तिने कधी सांगितलं नाही, बाळा. मीही विचारलं नाही."

मला वाचा असती तर! गेल्या वर्षी तीही गेली.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण घरातल्या कुणासाठी मनातल्या मनात काही मागत असाल, तर ते त्याच्या कानावर घाला, तो रागावलेला असला तरी. ताईने एकदा मला खाली ठेवून तेवढं सांगितलं असतं, तर धाकटी जन्मभर बहिणीच्या मरणाचा दोष स्वतःच्या माथी घेऊन जगली नसती.