नावापाशी थांबणारा धवला

"मांडवाच्या दारी गो उभी कोन? हळदीच्या अंगाची..." इथं कमळ श्वास घ्यायची, आणि मग नवरीचं नाव गळ्यातून असं काढायची की बायांचे डोळे भरावेत. दिपालीची आई, वेसाव्याची धवलारीण ती. कोळीवाड्यातल्या लग्नविधींची गाणी, म्हणजे धवले, तिनंच गायचे. दिपालीनं ते आईच्या मांडीवर ऐकलेले.

आता आई नव्हती, आणि परवा दिपालीची हळद. आईच्या तोंडून आपलं नाव ऐकावं, मगच अंगाला हळद लागावी, एवढंच तिचं मागणं. तिच्या भावानं, विपुलनं, जुन्या टेपांवरून आईच्या आवाजाचा प्रोग्राम केला होता. नाव टाइप करा, आवाज ते गाईल. त्याच्याकडे झकास चालला. दिपाली साकीनाक्याला सर्व्हर सांभाळायची, तिनं स्वतःच्या लॅपटॉपवरचा लिनक्सही तसाच कडेकोट केलेला. त्यावर आवाज "हळदीच्या अंगाची" म्हणायचा, श्वास घ्यायचा, आणि प्रोग्राम मरायचा. दर वेळी त्याच श्वासाला.

भर दुपार, बाहेर वाळत्या बोंबलांचा वास, आणि खोलीत तो अर्धा श्वास.

"मेलेल्या तोंडान जित्याचा नाव घेव नये गो," दारातून नंदामावशी म्हणाली.

"फाइल खराब असेल, मावशी." तिनं फाइल बदलली. पुन्हा तेच.

शेवटी लॉगमध्ये कारण सापडलं. मेमरीच्या ज्या तुकड्यावर लिहिता येतं तो चालवायचा नाही, असा तिथला पहारा. चोरानं आत काही खरडलं तरी ते चालू नये म्हणून. नव्या नावासाठी प्रोग्राम मात्र गाता गाताच नवा कोड लिहायचा आणि तिथंच चालवायचा. गाता गाताच नवं नाव ओवीत गुंफायचं, धवलारणीची रीतच ती.

"म्हणजे तुझा लिनक्स आईला गप्प बसवतो?" विपुल फोनवर हसला. "बाबांना जन्मात जमलं नाय यार! काढून टाक ना पहारा."

"सगळा काढला तर वाट लागेल रे. तुझ्या प्रोग्रामपुरती सूट देते."

तिनं सूट दिली. नाव टाइप केलं: दिपाली.

"हळदीच्या अंगाची..." श्वास. या वेळी तो तुटला नाही.

"...दिपले."

दिपालीनं गाणं तिथंच थांबवलं. अशी हाक मारणारं घरात एकच माणूस होतं, आई, आणि टेपांत तो शब्द नव्हता. प्रत्येक टेप तिनं ऐकली होती.

मावशी उंबऱ्यावरच खाली बसली. पदर तोंडाशी, नजर लॅपटॉपवर.

"निजेत गेली म्हनून मीच सांगितला व्हता ना तुला फोनवर," ती म्हणाली. "नाय गो पोरी. जागी व्हती. जीव जाईतोवर याच सुरात तुला हाका मारत व्हती."