मतदानाच्या रांगेतली कळशी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कळशी आहे आणि मतदानाच्या रांगेत मी स्वतः उभी राहिले आहे. हसू नका. माझ्या बोटाला शाई लागली नाही, कारण मला बोटच नाही. पण माझ्यामुळे एका बाईच्या बोटाला ती लागली. ते कसे, हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म तांबटाच्या हातचा. पत्र्यावर हातोडीचे ठोके बसत गेले आणि माझे पोट गोल होत गेले. ते ठोके अजून माझ्या अंगावर आहेत. उन्हात ठेवले की माशाच्या खवल्यांसारखे चमकतात. अक्कलकोटच्या बाजारातून गिरिजाच्या वडिलांनी मला घेतले, लेकीच्या लग्नात द्यायला. तिच्या माहेरी कानडी बोलत, तिथे मला 'कोड' म्हणत. सोलापुरात आले आणि मी कळशी झाले. गिरिजाही मग गिरिजाबाई झाली.

सासर म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातली एक अरुंद गल्ली. नवरा चनबसप्पा यंत्रमागावर कामाला. गल्लीच्या तोंडाशी एकच नळ होता, पण तो रोज यायचा. बायका आपापली भांडी नळापुढे रांगेत ठेवत आणि घरी जाऊन भाकऱ्या थापत. भांडे ठेवले म्हणजे बाई उभी आहे, हा तिथला कायदा. कुणाच्या भांड्याला कुणी हात लावत नसे, आणि लावलाच तर त्या दिवशी गल्लीला करमणूक फुकट! दर सोमवारी गिरिजाबाई मला चिंच लावून घाशी. रांगेत मी उभी राहिले की बायका म्हणत, "गिरिजाची कळशी न्हाय, आरसा हाय आरसा." मानाचे दिवस होते ते.

पुढे घरोघर नळ आले. मला वाटले, आता सुखच सुख. पण शहर वाढत गेले आणि नळ रुसल्यासारखा चार-चार दिवसांनी येऊ लागला. मग दारोदार निळी प्लास्टिकची पिंपे आली आणि मी माळ्यावर गेले. तिथे एक फुटका कंदील आणि एक पाळणा माझ्या सोबतीला होता. तो पाळणा गिरिजाबाईच्या एकुलत्या एका लेकीचा, शिवलीलाचा.

हा पाण्याचा वार आमच्या गल्लीच्या हाडीमाशी इतका भिनला आहे, की पाहुण्याला "या की" म्हणताना माणसे मनातल्या मनात नळाचा दिवस मोजतात. पाहुणा येण्याआधी पिंपात वाकून बघतात. लहान मुलांनासुद्धा वाटते, सगळ्या जगात पाणी असेच येते.

शिवलीला मोहोळला दिली आहे. तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही रीत. पण तिच्या सासूबाई बोलून गेल्या, "तुमच्याकडं नळ चौथ्या दिवशी येतोय म्हणं. बाळंतिणीला रोज न्हाऊ घालायचं, दुपटी धुवायची, कसं करणार? राहू द्या हितंच."

त्या काही वाईट मनाने बोलल्या नव्हत्या. पण गिरिजाबाईला ते जिव्हारी लागले. लेकीचे पहिले बाळंतपण पाण्यापायी माहेरी होऊ नये? त्याच दिवशी तिने मला माळ्यावरून खाली काढले, घासून लख्ख केले आणि लेकीला फोन लावला. "शिवलीला, तू यायचं. निवडणूक आलीय. नवं सरकार येऊ दे, नळ रोज येतोय का न्हाई बघ."

शेजारची गोजरबाई उंबऱ्यात बसून हे ऐकत होती. तिचे गाव उजनी धरणाखाली गेलेले. ती लहानपणीच बापाबरोबर सोलापुरात आली. ती म्हणाली, "सरकार काय तुजा जावई हाय व्हय गं, तू म्हणशील तसं वागायला? आमचं घर धरणात गेलं. आमच्या चुलीवर आज दोन-तीन माणूस पाणी उभं हाय, अन् हितं माजी घागर भरंना. आमी काय कमी मतं दिली?"

"दिलीस की," गिरिजाबाई म्हणाली, "पण देऊन घरी येऊन बसलीस. परत विचारायला गेलीस का?"

गोजरबाई पदर झटकून उठून गेली. पण मतदानाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच दाराशी येऊन उभी राहिली.

मतदान शाळेत होते. दिवसभर घरकाम आणि विड्या वळणे आटोपून गल्लीतल्या बायका दिवस कलता निघाल्या. शाळेत बोअर होते, म्हणून येताना प्यायचे पाणी आणावे या हिशोबाने प्रत्येकीच्या कडेवर एकेक भांडे. रांग लांब होती. गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यात गोजरबाईचा फोन वाजला. पलीकडून तिची सून इतक्या मोठ्याने ओरडली, की मलाही ऐकू आले, "आत्या, नळ आलाय! आज वार न्हाई तरी आलाय!"

रांगेत एकदम चलबिचल झाली. वार चुकून आलेला नळ तासाभरात जातो, आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. मतदान सहाला बंद होणार. गिरिजाबाईच्या घरी कुणी नव्हते. चनबसप्पा सकाळीच मत देऊन मागावर गेला होता. आणि शिवलीला तर दुसऱ्याच दिवशी चार दिवसांसाठी येणार होती, बाळंतपण कुठे करायचे ते ठरवायला. सासूबाईही बरोबर येणार होत्या.

गोजरबाईच म्हणाली, "जावा गं! माज्या घरी सून हाय, मी हितंच उभी. भांडी ठिवा रांगेत. बारी मोडू देत न्हाय."

आणि क्षणात, मित्रांनो, बायका गेल्या आणि आम्ही राहिलो. दोन हंडे, चार घागरी, एक बादली आणि मी. गल्लीच्या तोंडाशी उभी राहायचो तशीच, एकामागे एक. कित्येक वर्षांनी रांगेत उभी राहिले होते. ताठ उभी राहिले.

बंदोबस्ताचा पोलीस धोंडीराम टेंभुर्णीकडचा होता. तो डोळे चोळत जवळ आला. "मावशी, हे काय? कळशीला मत नसतंय."

"कळशीला न्हाय, पर कळशीवालीला हाय की," गोजरबाई म्हणाली.

"उद्या बादलीबी म्हणंल, मला उमेदवार करा."

"करा की. निदान तिला पाणी कशाला लागतंय ते ठाऊक आसंल."

रांगेतली माणसे हसली. धोंडीरामही हसला, पण लगेच गंभीर झाला. "मावशी, सहा वाजता जो माणूस रांगेत हाय त्यालाच मत द्यायची चिठ्ठी मिळतीय. भांड्याला न्हाय. मला गेट लावावं लागंल. माजा इलाज न्हाय."

तो खरेच बोलत होता. एकेक बाई परत येऊ लागली, ओल्या पदराने, धापा टाकत. एकेक भांडे रांगेतून उचलले गेले. शेवटी मी एकटी उरले. धोंडीराम फाटकापाशी गेला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागला. मला पाय असते तर मी गल्लीकडे धावले असते.

आणि गिरिजाबाई आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, एका हातात चपला. तिच्या मागे फाटक लागले. तिने मला उचलून कडेवर घेतले, तेव्हा तिचे काळीज माझ्या पत्र्यावर हातोडीसारखे वाजत होते.

"भरलं का पिंप?" गोजरबाईने विचारले.

"अर्धं."

"अर्धं? अन् चालू नळ सोडून आलीस? येडी का काय! उद्या विहीणबाई येणार हायत!"

"पिंप चार दिवसांनी परत भरतंय, गोजरबाई," ती म्हणाली. "हे पाच वर्षांनी येतंय."

 गोजरबाईने आपल्या कोरड्या पदराने गिरिजाबाईचे तोंड पुसले.

दुसऱ्या दिवशी शिवलीला आणि तिच्या सासूबाई आल्या. अर्धे पिंप संध्याकाळीच तळाला गेले. सासूबाईंनी पिंपात एकदा वाकून बघितले. चार दिवसांनी जाताना म्हणाल्या, "बघू, अजून वेळ हाय."

निकाल लागला, नवे सरकार आले. आमच्या भागातले नवे आमदार आभार मानायला गल्लीत आले. ताशे वाजले, गुलाल उडाला. गिरिजाबाईच्या दाराशी ते थांबले, कारण ती फुलपात्र घेऊन उभी होती. आल्या माणसाला आधी पाणी, ही आपली रीत. तिने मला कलती करून पाणी ओतले आणि फुलपात्र पुढे केले.

ते अर्धे होते.

मित्रांनो, पाहुण्याला अर्धे फुलपात्र कुणी देत नाही. देणे म्हणजे अपमान. ताशेवाल्याचा हात थांबला. एक कार्यकर्ता पुढे सरसावला, "मावशी, भरून द्या की साहेबांना!"

"कुणाला मत दिलं ते मी सांगणार न्हाई," गिरिजाबाई शांतपणे म्हणाली. "पण त्या दिवशी नळ आला होता. अर्धं पिंप सोडून मी रांगेत आले. म्हणून अर्धं. राहिलेलं अर्धं नळ रोज आला की देते. घरी बोलावून, गूळ ठेवून देते."

मागून गोजरबाई म्हणाली, "टँकर धाडू नका साहेब. टँकर आमी लई बघितले. नळ पायजे."

 आमदारांनी ते फुलपात्र घेतले, तळापर्यंत प्यायले आणि हात जोडले. "ताई, उरलेलं प्यायला मी येणार."

"या. वाट बघते," ती म्हणाली. "न्हाई आलात तर मी येते विचारायला. एकटी न्हाई येणार. भांडी घेऊन येणार."

ही सगळी हकिगत गोजरबाईनेच फोनवर मोहोळला सांगितली, तिखटमीठ लावून. ऐकून सासूबाई खूप वेळ हसल्या. मग शिवलीलाला म्हणाल्या, "जा गं तू माहेरी. जी बाई आमदाराला अर्धं पाणी पाजतीय, ती तुला कमी पडू देणार न्हाई."

शिवलीला आली. नळ अजून रोज येत नाही, खोटे कशाला सांगू? पण गल्लीत नव्या पाइपासाठी चर खणली आहे. गिरिजाबाई रोज सकाळी चरीच्या काठाने चालत जाते आणि काम कुठवर आले ते बघून येते. मधे काम थांबले, तेव्हा ती, गोजरबाई, गल्लीतल्या बायका आणि आम्ही आठ भांडी विचारायला गेलो. काम पुन्हा सुरू झाले. बाळंतिणीच्या न्हाणासाठी गल्लीतले प्रत्येक घर पाळीने एक कळशी आणून ओतते. माळ्यावरचा पाळणा खाली आला आहे, आणि त्यातल्या मुलीला पहिली आंघोळ घातली ती माझ्यातल्या पाण्याने.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी भांडी शेवटी म्हणतात, आम्हाला विसरू नका. मी उलटे सांगते. मला विसरायची वेळ आणा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही बोटाला शाई लागेल. ती शाई वाळली म्हणून काम संपले असे समजू नका. मत देणे म्हणजे रांगेत भांडे ठेवणे. आपली बारी राखायला परत जावेच लागते.

ते फुलपात्र गिरिजाबाईने घासून माझ्या तोंडावर पालथे ठेवले आहे. त्यातून दुसरे कुणी पाणी प्यायचे नाही, असा घरात हुकूम आहे. पाइप आता आमच्या दारापासून चार घरांवर आला आहे. आणि गिरिजाबाईने गूळ आणून ठेवला आहे.