दर अठरा फुटांवर

शिवरंजनीने तांब्यातलं पाणी गाडीच्या चारही चाकांवर ओतलं आणि पुढचं चाक हाताने फिरवून खाचांत अडकलेला चिखल बोटाने काढला. पानमळ्यात चपला घालून कोणी जात नाही. मळा महालिंगचा होता, आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की ज्याला पाय नाहीत त्याने चाकं धुऊन आत यावं. सुंदरीने आपल्या चपला बांधाखाली काढून ठेवल्या.

"अक्का, तुम्ही फक्त पुढे चाला," कार्तिक म्हणाला. "मागे बघू नका. ती येईल."

गाडी म्हणजे गुडघ्याएवढी चौकट, वर टोपली ठेवायला फळी, आणि पुढच्या माणसाची पावलं हेरणारा एक कॅमेरा. पानं खुडणाऱ्या बाईच्या मागून टोपली घेऊन चालायचं, एवढंच तिचं काम. दोघं विद्यार्थी आठ महिने ती बांधत होते. शिकवायला सुंदरीचे वडील, अप्पा, होते, पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एक स्क्रू बदलला तरी गाडी मळ्यात आणायची आणि चालवून बघायची, असा त्यांचा दंडक होता. पुढे चालायचे तेही तेच. त्यांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. परवा परीक्षक येणार होते, आणि आज पानं खुडणाऱ्या बायकांना गाडी पसंत पडली तरच महालिंग तिला मळ्यात ठेवणार होता. अप्पांच्या जागी चालायला कोणी नव्हतं, म्हणून मुलं सुंदरीला बोलवायला घरी आली होती. सुंदरीचं पुण्याचं तिकीट गुरुवारचं होतं.

ती सरीच्या कडेने चालू लागली. दोन्ही बाजूंना हादग्याच्या झाडांवर चढलेले वेल होते, आणि पायाखालची माती थंड होती. मागून मोटरची बारीक घरघर येत होती. मग घरघर थांबली. सुंदरीने वळून पाहिलं. गाडी थोड्या अंतरावर नुसतीच उभी होती. सुंदरी थांबली, वाट पाहिली. बऱ्याच वेळाने गाडी आपणहून निघाली, आली, आणि थोडं चालल्यावर पुन्हा उभी राहिली.

बांधावर बसलेल्या पानं खुडणाऱ्या बायकांतली सरोजा म्हणाली, हिलाही मध्ये मध्ये पान खायला लागतं वाटतं. बाकीच्या बायका हसल्या. महालिंग हसला नाही.

कार्तिकने बॅटरी पाहिली, तारा हलवून पाहिल्या, कॅमेऱ्याची काच सदऱ्याला पुसली. शिवरंजनी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. त्याने तिसऱ्यांदा तारांना हात घातला तेव्हा ती म्हणाली की बिघाड नाहीये, ते थांबणं तिनेच घातलंय.

सुरुवातीला सर एकदम थांबायचे आणि गाडी त्यांच्या टाचेवर जायची, असं तिने सांगितलं. एकदा रक्त आलं. तेव्हा सर म्हणाले, मी कुठे थांबणार ते तिला आधीच कळायला हवं. म्हणून ठरावीक अंतरावर थांबणं प्रोग्राममध्ये घातलं. आकडा मात्र टिकायचा नाही, दर रविवारी बदलावा लागायचा.

सुंदरीने आकडे कुठे लिहिलेत ते विचारलं.

चाचणीची वही अप्पांनीच आखली होती. तारीख, कोण चाललं, काय बदललं, किती फुटांवर थांबली, शेरा. जुलैमध्ये नवी मोटर, नव्वद फूट. ऑगस्टमध्ये रुंद चाकं, सत्तर. दिवाळीनंतर टोपलीची फळी, चाळीस. पोंगलच्या आदल्या रविवारी कॅमेरा थोडा वर घेतला होता, पंचवीस. शेवटची नोंद अठराची. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अप्पांच्या तमिळ अक्षरात एकच मजकूर होता: चाकं पाहण्यासाठी थांबलो.

दर रविवारी मळ्यातून घरी परतल्यावर ते पुण्याला फोन करायचे. पोंगलला यायचं म्हणून तिने विचारलं होतं तेव्हा घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, कशास येतेस, मी रोज चालतों, पायांस काय झालें आहे. तिने सुट्टीचा अर्ज मागे घेतला होता.

"खरंच चाकं बघायचे?" तिने विचारलं.

शिवरंजनीने लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटलं.

"वाकायचे नाहीत, अक्का."

"मग?"

"झाडाला हात लावून उभे राहायचे. आम्हाला वाटलं, विचार करताहेत."

कार्तिक मध्येच बोलू लागला, की चूक त्यांचीच आहे, आठ महिने एकाच माणसाला चालवलं, बायका किती झपाझप चालतात ते कधी पाहिलंच नाही. थांबणं आज काढायलाच हवं. एवढं बोलून तो अडखळला आणि सुंदरीकडे पाहू लागला. सरांचं होतं ते. तिने नको म्हटलं असतं, तर त्याने काढलं नसतं.

सुंदरीने वही मिटली.

"काढा," ती म्हणाली. "त्याआधी एकदा मला चालू द्या."

ती पुन्हा टोकापासून निघाली. या वेळी घरघर बंद झाली की तीही उभी राहिली. शेजारच्या झाडाला तिने हात लावला. खोड खरखरीत होतं आणि हाताच्या उंचीवर वेलीची पानं नेमकी मागे सारलेली होती. थांबणं लांब होतं. चाकं पाहायला एवढा वेळ लागत नाही. घरघर सुरू झाली तशी ती पुढे गेली. अकरा वेळा ती अशी उभी राहिली. पाचव्या खेपेनंतर बांधावर सरोजाने तोंडातलं पान थुंकून टाकलं.

परत आल्यावर कार्तिकने गाडी उचलून घेतली आणि शिवरंजनीने प्रोग्राममधल्या त्या ओळी पुसल्या. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मग सरोजा भरलेली टोपली फळीवर ठेवून निघाली, पदर खोचून, नेहमीच्या चालीने. गाडी तिच्या मागोमाग गेली आणि पार कालव्याच्या टोकापर्यंत कुठेही थांबली नाही. महालिंगने कार्तिकच्या पाठीवर थाप मारली.

शिवरंजनीने वही सुंदरीपुढे धरली. आजची तारीख घालून तिने सुंदरीचं नाव लिहिलं होतं, पुढे अठरा फूट. शेऱ्याची जागा कोरी होती.

"जो चालेल त्याने लिहायचं," ती म्हणाली. "सरांचा नियम होता."

सुंदरीने पेन घेतलं. कालव्याकडून सरोजा परत येत होती, मागून गाडी. सुंदरीने मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहिलं: दम लागला.