चासिब मिस्त्रीची जबानी

“हे मी बोललोच नाही!” पंक्यांचा मिस्त्री चासिब ताडकन उठला.

मुलींच्या शाळेत छताचा पंका (बसऱ्यात पंख्याला पंकाच म्हणतात) कोसळला होता. पोरी अंगणात होत्या म्हणून वाचल्या. ठपका आला झाडलोट करणाऱ्या नईमावर, का तर बटण तिनं दाबलं. तिची नोकरी राहणार की जाणार, ते आजच्या चौकशीत ठरणार होतं. आमच्याकडे साक्षीदार बसऱ्याच्या बोलीत बोलतो, चौकशी करणारे साहेब ते शुद्ध अरबीत सांगतात आणि मी कारकून ते वहीत उतरवतो. बावीस वर्षं हेच करतोय.

चासिब म्हणाला होता, “पंक्याचा हूक गंजलाय, हे मी मुख्याध्यापिका फखरियाबाईंना दोनदा तोंडावर सांगितलं. म्हणाल्या, सुट्टीत बघू.”

साहेबांनी मला सांगितलं, “छतव्यजनाच्या दुरवस्थेबाबत संबंधितांना अवगत करण्यात आले होते.”

मी तेच लिहून वाचून दाखवलं, त्यावरच चासिब उठला होता. सकाळपासून दाराशी उभी असलेली नईमा काही न कळता मान डोलावत होती. माझी मलाच लाज वाटली.

“संबंधित कोण? बाईंना नाव नाही?” चासिब कडाडला.

“उस्ताद, सरकारी वहीत बाजारातले शब्द चालत नाहीत,” साहेब हसले. “पंका म्हणे! अरबी तरी आहे का तो?”

“नसेल! पंका हिंदुस्तानातून गलबतानं आला. मेज हा शब्द इराण्यांचा, काट्याला म्हणतो तो चताल तुर्कांचा, गिलास इंग्रजांचा. सगळे आमच्या घरात सुखानं नांदतात. अन् तुमच्या शुद्ध भाषेत फखरियाबाई धुतल्या तांदळासारख्या, नईमा मात्र घरी! मी सही करायचा नाही.”

“मग साक्ष रद्द. घ्या दुसरं पान,” साहेब मला म्हणाले.

मी घेतलं. हूक, गंज, सुट्टी, फखरियाबाईंचं नाव, सगळं चासिब बोलला तसंच्या तसं लिहिलं.

“काय चालवलंय तुम्ही?” साहेब ओरडले.

मी वही चासिबपुढे सरकवली. त्यानं सही ठोकली, खाली मीही केली. आमच्या वहीच्या पानांवर आकडे छापलेले असतात, एकही फाडता येत नाही. साहेब दार आपटून निघून गेले. आता माझीही चौकशी होणार. होऊ दे!

मी पान मोठ्यानं वाचलं. नईमाची मान डोलायची थांबली.

“परत वाच, बाबा,” ती म्हणाली. “हे कळतंय मला.”

तिनं साहेबांची खुर्ची ओढली आणि बसली. मी पहिल्यापासून वाचू लागलो.