जोड मातीच्या वर

थोरलीच्या रानात खालच्या अंगाला टोमॅटोवर दर साली मर यायची. हिरवीगार झाडं दोन दिवसांत माना टाकायची. बांधावरचं रानवांगं मात्र ठणठणीत. तिनं त्याच्या बुंध्यावर टोमॅटोचा शेंडा कलम करून पाहिला. पहिल्या वर्षी एकही जगलं नाही. धाकट्या दिरानं पोटभर चेष्टा केली. दुसऱ्या वर्षी अकरा जगली, पण लावल्यावर त्यांतली सहा गेली. तिनं ती उपटून पाहिली. सहाही झाडांचा जोड मातीत गेला होता, तिथून टोमॅटोनं स्वतःची मुळं सोडली होती आणि रोग त्याच वाटेनं आत शिरला होता. तिसऱ्या वर्षी तिनं जोड चार बोटं वर ठेवला. सगळं रान टिकलं. मग दीरच येईल त्याला तो वाफा दाखवत सुटला.

शेती कार्यालयातले साहेब दोनदा येऊन फोटो काढून गेले. जोडाचं तिनं त्यांना तीनदा सांगितलं.

पुढच्या हंगामाआधी कार्यालयानं गावच्या शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं. थोरलीलाही बोलावलं, शिकायला. हातात पुस्तिका पडली. वर तिचाच वाफा, खाली ‘कार्यालयाचं संशोधन’. तिनं तेही गिळलं. पण आत छापलं होतं: ‘झाड पक्कं बसण्यासाठी जोड मातीत दाबावा.’

ती उठून उभी राहिली. “साहेब, हे कुणी करून पाहिलंय?”

प्रश्न शेवटी घेऊ, असं साहेब हसून म्हणाले.

“माझं नाव नाही छापलंत, ते राहू द्या. पण सहा झाडं मारून मला जे कळलं, ते तुम्ही उलटं छापलंत. यांची रानं गेली तर?”

पुस्तिका वरून मंजूर झालीय, बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, कार्यालयाला काय कळत नाही का? लोकांनी माना डोलावल्या.

दोन महिन्यांनी तोच माणूस सुकलेल्या झाडांचं पोतं तिच्या अंगणात ओतून गेला. जाताना म्हणाला, तुझ्या कलमानं माझं वाटोळं केलं.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं झाडं परत पोत्यात भरली, दिराच्या गाडीत टाकली आणि कार्यालयात जाऊन साहेबांच्या टेबलावर, फायलींवर, मातीसकट ओतली. साहेब शिपायाला हाका मारू लागले. शिपाई दारातच थांबला.

“दुरुस्ती लिहा,” ती म्हणाली, “माझ्यासमोर.”

साहेबांनी लिहिली. सही करताना त्यांचा हात मातीनं माखला. तिनं कागद वाचला, एक शब्द बदलायला लावला आणि त्या माणसाच्या घराकडे निघाली. त्याचं अर्धं रान अजून उभं होतं; तिथल्या जोडांवरची माती उकरायची होती.