डब्यातली बटणं

शिवणाच्या दुकानात माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईकडे मालकिणीच्या लेकीच्या मधुमेहावर एक तरी मत तयार असायचं. "एवढ्याशा पोरीला साखर? चॉकलेटं फार खाल्ली असणार!" असं म्हणून त्या हात वर करून उभ्या राहत. दुकानाच्या मालकिणीच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, म्हणून गिऱ्हाइकं वाचत. टाचण्या संपल्या की ती पुन्हा तेच पुराण लावायची. चॉकलेटांचा काही संबंध नाही हो, तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज बाहेरून टोचावं लागतं. बाया मान डोलवत आणि जाता जाता कसला तरी कडू रस सुचवून जात.

पण गिऱ्हाइकं परवडली, घरचे अप्पा नकोत. अप्पा म्हणजे तिचे सासरे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून काज-बटणांचं काम करायचे. त्यांनाही मधुमेह होता, उतारवयात आलेला, नातीपेक्षा वेगळ्या प्रकारचा. औषध, पथ्य आणि रोजचं चालणं एवढ्यावर त्यांचं भागण्यासारखं होतं. पण पथ्याचं नाव काढलं की अप्पांना ऐकू येईनासं व्हायचं, आणि रक्त तपासायला बोट मागितलं तर ते मूठ वळून बसायचे.

"माझं मला कळतं," हे त्यांचं पालुपद. वर कुरकुर होतीच, "हिला गोड चालतं आणि मला चालत नाही. हा कुठला न्याय?"

"अहो अप्पा, ती काय हौसेनं खाते? इन्सुलिन घेतल्यावर कधी साखर एकदम उतरते, तेव्हा औषध म्हणून खाते. वेळेवर मिळाली नाही तर पोर बेशुद्ध पडेल!"

"बरं बरं," अप्पा म्हणायचे, आणि पुढचं बटण उचलायचे. भिंतीशी बोललेलं बरं, निदान ती बरं बरं तरी म्हणत नाही.

त्या औषधाचा एक पत्र्याचा डबा टेबलाच्या खणात असे. त्यात ग्लुकोजच्या चपट्या गोळ्या, कोटाच्या बटणाएवढ्या. सकाळी दुकान उघडलं की ती पहिल्यांदा तो डबा कानाशी हलवायची. खुळखुळला की निर्धास्त होऊन मशीनवर बसायची. झाकण उघडून बघायला सवड कुणाला होती?

त्या दिवशी भिंगरी शाळेतून आली ती धावतच. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आल्या आल्या ती टेबलाला टेकली आणि तिथेच उभी राहिली.

"आई, मला कसंतरीच होतंय."

चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरत होते. आईनं कापड टाकलं, तिचं बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा फारच खाली होता. खण ओढून तिनं डब्याचं झाकण उघडलं.

आत बटणं होती. तपकिरी, चार भोकांची, कोटाची बटणं.

डबा चुकला असं वाटून तिनं तो टेबलावर उपडा केला. तळापर्यंत बटणंच. तिनं मान वर केली, तर अप्पांचं हलणारं तोंड नुकतंच थांबलं होतं.

"अप्पा!"

म्हातारा धडपडत उठला. "आहेत, आहेत," असं पुटपुटत त्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा केला. चिकटलेल्या, दोऱ्याचे तुकडे लागलेल्या गोळ्या नातीच्या हातावर ठेवल्या.

"चाव बाळा, चाव लवकर."

भिंगरीनं दोऱ्यांसकट चावल्या. पंधरा मिनिटं गेली. पुन्हा बोट टोचलं, आकडा वर आला, गालांवर रंग आला, आणि मग आईचा बांध फुटला.

"बटणं भरलीत? म्हणजे मी डबा हलवून बघते, हे ठाऊक होतं तुम्हाला! अहो, शेवटच्या चार खिशात राहिल्या म्हणून. त्याही खाल्ल्या असत्यात तर मी काय केलं असतं? पोरीला बटणं चारली असती?"

"एखाददुसरीच घेतली होती गं," अप्पा टेबलावरची बटणं गोळा करू लागले. "मग खुळखुळ कमी वाटायला लागली..."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. अशा माणसावर ओरडायचं तरी कुठवर? ती पाठ फिरवून मशीनवर जाऊन बसली.

बराच वेळ घुटमळून अप्पा नातीसमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपणहून बोट पुढे केलं. भिंगरीनं नवी सुई लावली. तिचा हात सराईत होता.

"घाबरू नका आजोबा. दुखत नाही."

टच्च झालं आणि अप्पा कळवळले. "आई गं! दुखतं की! तू तर रोज म्हणतेस दुखत नाही!"

भिंगरी त्यांच्या कानाशी लागली. पण तिचं कुजबुजणं दुकानभर ऐकू जायचं.

"दुखतं. पण आईला सांगायचं नाही हं. ती रडते."

आईनं काही ऐकलंच नाही असं दाखवून मशीन सुरू केलं. अख्खी शिवण मारून झाली तेव्हा तिला दिसलं, सुईत दोराच नव्हता.